दुपारची वीज, दिवेलागणीचे दूध : भूम तालुक्यातील एका शीतकरण केंद्राच्या प्रकल्प नोंदी

२ जानेवारी २०२५

वेळ अमावस्या आटोपून गाव पुन्हा रोजच्या कामाला लागल्यावर आज केंद्राची पहिली सविस्तर पाहणी केली. बालाघाटाच्या पठारावरचे हे संकलन केंद्र सध्या सकाळी सुमारे १,१०० आणि संध्याकाळी सुमारे ९०० लिटर दूध घेते. दुधाचे हे दिवस भराचे आहेत. उन्हाळ्यात वैरण आटली की हाच आकडा दोन-तृतीयांशावर येतो. दूध येते तेव्हा त्याचे तापमान ३४ अंशांच्या आसपास असते आणि टँकरमध्ये भरण्यापूर्वी ते ४ अंशांवर आणावे लागते, कारण कोमट दुधात जिवाणूंची संख्या अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकते आणि त्याचा परिणाम पुढच्या डेअरीत एमबीआरटी या जिवाणूंचे प्रमाण दाखवणाऱ्या चाचणीत लगेच दिसतो.

अडचण विजेच्या प्रमाणाची नाही, वेळेची आहे. संध्याकाळचे दूध सहा ते साडेआठच्या दरम्यान येते, म्हणजे गावातले सगळे दिवे, पंखे आणि पिठाची गिरणी ज्या वेळी चालू असतात नेमके त्याच वेळी. दाब उतरतो, दूध थंड करून साठवणाऱ्या टाकीचा, म्हणजे बल्क कूलरचा, कॉम्प्रेसर उचलत नाही आणि जनरेटर लावावा लागतो. डिसेंबर महिन्यात १३० लिटर डिझेल जळाल्याचे दूध संस्थेच्या सचिव काकांच्या वहीत नोंदलेले आहे. दुसरीकडे, या भागात एक किलोवॅटचे सौर पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार ते साडेचार युनिट वीज देते. परंतु तिचा मोठा भाग दहा ते तीनच्या दरम्यानचा असतो आणि त्या वेळी केंद्रात झाडलोट करणाऱ्या बाईंशिवाय कोणी नसते. गाई-म्हशींच्या धारेची वेळ बदलता येत नाही. म्हणून बदलायचे ते बाकीचे.

९ जानेवारी २०२५

दुपारची सौरवीज दुधासाठी साठवायची कशी, याचा आज दिवसभर हिशेब केला. तो येथे पूर्ण लिहून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी “सरळ मोठी बॅटरी का घेतली नाही” असे विचारणार आहे आणि तो प्रश्न रास्त आहे.

संध्याकाळचे ९०० लिटर दूध म्हणजे ९२७ किलो. दुधाची विशिष्ट उष्णता किलोमागे अंशाला ३.९ किलोज्यूल धरली आणि ३० अंश उतरवायचे म्हटले, तर सुमारे १,०८,५०० किलोज्यूल, म्हणजे ३० युनिट उष्णता काढावी लागते. सकाळच्या दुधासाठी याच रीतीने ३७ युनिट येतात. दोन्ही मिळून ६७ युनिट झाले. मात्र ही उष्णता आहे, वीज नव्हे. कॉम्प्रेसर एक युनिट वीज घेऊन थेट दूध थंड करताना साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणून प्रत्यक्ष वीज २२ युनिटांच्या घरात लागते.

ही २२ युनिट बॅटरीतून द्यायची म्हटली, तर भरताना आणि काढताना होणारी घट धरून दुपारी सुमारे २६ युनिट आत घालावी लागतील. सोळा सेलचा, ५१.२ व्होल्ट आणि २८० अँपिअर-तासांचा लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक रॅक १४.३ युनिटांचा असतो आणि तो रोज ऐंशी टक्क्यांपलीकडे वापरू नये असे माझे मत आहे. म्हणजे फक्त कॉम्प्रेसरसाठी दोन रॅक घेऊनही काम काठावरच राहते. त्यातच कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो आणि तो झटका इन्व्हर्टरने सोसायचा असतो.

दुसरा मार्ग बर्फाचा आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. त्या हिशेबाने संध्याकाळला ३२५ आणि सकाळला ३९७ किलो बर्फ लागतो. गळती धरून ८०० किलो. हा बर्फ दुपारी सहा तासांत करायचा आणि दूध आल्यावर त्याच्यावरून फिरवलेल्या थंड पाण्याने प्लेट चिलरमध्ये (पातळ पत्र्यांच्या एका बाजूने दूध आणि दुसऱ्या बाजूने पाणी वाहते ते यंत्र) दूध गार करायचे. बर्फ करताना कॉम्प्रेसरची कार्यक्षमता घसरते, एका युनिटाला सव्वादोन-अडीच युनिटच उष्णता निघते, म्हणून वीज ३२ युनिट लागेल. बॅटरीपेक्षा हा मार्ग सहा युनिटांनी महाग आहे हे कागदावर स्पष्ट दिसते.

तरीही मी बर्फाच्या बाजूने आहे. दुपारी उरणारे सहा युनिट आणि संध्याकाळी कमी पडणारे सहा युनिट यांची किंमत एक नसते. शिवाय पाण्याची टाकी आणि तांब्याची नळी यांना बॅटरीसारखी भरण्या-उपसण्याच्या चक्रांची मर्यादा नाही. नळी फुटली तर भूममधला फ्रिज दुरुस्त करणारा कारागीरही तिला डाग देऊ शकतो. बॅटरी घ्यायचीच आहे, पण जे काम बर्फ करू शकत नाही तेवढ्यापुरती: फॅट मशीन, वजनकाटा, संगणक, ढवळणी, पाण्याचा पंप आणि दिवे. हा भार दिवसाला दहा युनिटांच्या आसपास जातो आणि त्याला एक रॅक पुरतो.

१६ जानेवारी २०२५

संस्थेच्या बैठकीत आराखडा मांडला. चेअरमन आणि इतर संचालकांना बर्फ लगेच पटला, कारण तो डोळ्यांना दिसतो. एका ज्येष्ठ संचालकांनी मात्र वेगळी सूचना केली: गावामागच्या टेकडीवर शेततळे खोदावे, दुपारी त्यात पाणी चढवावे आणि रात्री खाली सोडून त्यावर जनित्र फिरवावे. कल्पना चुकीची नाही. जगात साठवलेल्या विजेचा मोठा वाटा आजवर याच पद्धतीने साठवला गेला आहे. आपल्या मराठवाड्यातही पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचा दोन्ही दिशांनी फिरणारा संच बसवलेला असून, खाली आलेले पाणी अडवून ते पुन्हा वरच्या नाथसागर जलाशयात चढवण्याची ती योजना आहे. सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचे असेच केंद्र आहे.

अडचण उंचीची आहे. एक घनमीटर पाणी ३६७ मीटर उंच नेले तेव्हा त्यात एक युनिट साठते. घाटघरला सुमारे चारशे मीटरचा कडा मिळतो, म्हणून तेथे घनमीटरमागे युनिटभर वीज येते. आपल्या टेकडीची उंची चाळीस मीटर. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या शेततळ्यात एकास एक उताराने २,१९६ घनमीटर पाणी बसते. ते पूर्ण चाळीस मीटर खाली आले तर २३९ युनिट होतात, परंतु लहान जनित्राची कार्यक्षमता साठ टक्के धरल्यावर हाती १४४ उरतात आणि तेवढ्यासाठी पंपाला चारशेच्या आसपास युनिट घालावी लागतात. मोठ्या केंद्रात शंभर युनिट घातल्यावर पंचाहत्तर-ऐंशी परत येतात. आपल्याला छत्तीस येतील.

हे आकडे ऐकून सभा शांत होती. पुढचा आकडा मात्र सगळ्यांना लागला. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी नऊशे चौरस मीटरच्या तळ्यातून रोज सात हजार लिटर पाणी उडून जाईल, म्हणजे शंभरावर जनावरांचे एका दिवसाचे पिण्याचे पाणी. परळीचे औष्णिक केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. सूचना मांडणारे आजोबा स्वतःच म्हणाले, “मंग ऱ्हाऊ द्या. पानी हाय तिथंच बरं.” इतिवृत्तात सूचना नामंजूर असे न लिहिता स्थगित असे लिहिले आहे.

११ फेब्रुवारी २०२५

शेडच्या दक्षिण उतारावर ५४५ वॅटची बावीस पॅनेले बसली. एकूण १२ किलोवॅट. पत्र्याला आधार देणाऱ्या जुन्या कैच्या वाऱ्याला टिकतील की नाही याची शंका असल्याने प्रत्येक कैचीला खालून एक तिरकी दांडी जोडून घेतली. पठारावर वारा जोराचा असतो. पलीकडच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत.

३ मार्च २०२५

बर्फाची टाकी आली. आत १६ मिलिमीटर जाडीची तांब्याची नळी, एकूण १५५ मीटर, दहा-दहा सेंटिमीटरच्या अंतराने घोळत नेलेली आहे. नळीभोवती ३५ मिलिमीटर जाडीचा थर बसला की मीटरला पाच किलोपेक्षा थोडा जास्त बर्फ होतो आणि ८०० किलोचा हिशेब जुळतो.

थर याहून जाड करण्याचा मोह टाळायचा आहे. पहिली बाब म्हणजे ४२ मिलिमीटरला शेजारच्या दोन नळ्यांचे थर एकमेकांना चिकटतात आणि मधून पाणी फिरायची वाट बंद होते. दुसरी बाब अशी की बर्फ हा उष्णतेचा वाईट वाहक आहे. थर वाढत जातो तसतशी तो नळीवर गोधडी पांघरतो आणि आतल्या थंडीला बाहेर येऊ देत नाही. शेवटच्या पाच मिलिमीटरला पहिल्या पाचपेक्षा कितीतरी जास्त वीज लागते. जाडी मोजणारा सेन्सर ३५ वर बसवला असून त्याच्या डबीला कुलूप लावले आहे.

१९ मार्च २०२५

पहिला खरा बिघाड आज झाला, आणि तो माझाच होता.

संध्याकाळी सव्वासातला ऑपरेटरचा फोन आला: “सायेब, टाकीत बरफ भरलाय, पन दूध नऊच्या खाली उतरंना.” पोहोचलो तेव्हा झाकण उघडून पाहिले, नळ्यांवर पांढराशुभ्र जाड थर होता, जवळजवळ सगळाच शिल्लक. प्लेट चिलरला जाणारे पाणी मात्र थर्मामीटरवर साडेपाच अंश दाखवत होते. बर्फाच्या टाकीतून शून्याच्या जवळचे पाणी निघायला हवे होते.

पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त असते. टाकी ढवळली नाही तर शून्याचे पाणी बर्फाच्या अंगाशी वरच राहते आणि चार-पाच अंशांचे जड पाणी तळाशी बसते. आमच्या पंपाची तोटी तळाशी आहे. ते ढवळण्यासाठीच टाकीच्या बुडाशी छिद्रांची नळी टाकून ब्लोअरने हवेचे बुडबुडे सोडण्याची सोय केलेली होती. बुडबुडे कुठेच नव्हते. ब्लोअरची वायर मी कॉम्प्रेसरच्याच टायमरवर जोडली होती. पाच वाजता कॉम्प्रेसर थांबला की तोही थांबत होता. चाचण्या सगळ्या दुपारी झाल्यामुळे हे कधी दिसले नाही.

ब्लोअर हाताने सुरू केल्यावर दहा मिनिटांत पाणी दीड अंशावर आले आणि दूध चारवर. तोवर साडेतीनशे लिटर दूध पाऊण तास नऊ अंशांवर होते. ते वेगळ्या कॅनमध्ये काढून रात्रीच खव्याच्या भट्टीवर पाठवले. ब्लोअर आता बॅटरीच्या भारावर, दूधपंपाबरोबर जोडला आहे.

८ एप्रिल २०२५

ऑपरेटरला जनरेटर आणि विजेचे जाळे यांतला संबंध समजावताना एक गोष्ट माझ्याही नव्याने लक्षात आली. कॉम्प्रेसर चालू होताच जनरेटरचा आवाज खोल जातो, दिवे मिणमिणतात आणि मग त्याचा वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल वाढवून त्याला पुन्हा वर आणतो. ऑपरेटर म्हणाला, “दबतंय.” संपूर्ण देशाचे जाळे याच रीतीने दबते, फरक एवढाच की तेथे ते ५० हर्ट्झवरून किती सरकले ते दशांशात मोजतात आणि ४९.९० ते ५०.०५ ही पट्टी सांभाळतात. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली होती. त्या आकड्यातला आमचा कॉम्प्रेसर कणभरही नाही, परंतु असे लक्षावधी कॉम्प्रेसर आणि पंप दिवेलागणीला एकदम सुरू होतात आणि त्याच तासाला सौरवीज मावळते, म्हणून साठवणीचा प्रश्न उभा राहतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यात २०३१-३२ पर्यंत सुमारे ७४ गिगावॅट साठवणीची गरज मांडलेली आहे. त्यातील जवळजवळ ४७ गिगावॅट बॅटऱ्यांची आणि उरलेली पाणी चढवून साठवण्याच्या केंद्रांची.

२२ एप्रिल २०२५

तीन दिवस ओळीने दुपारी एक ते चार बॅटरी भरणे आपोआप बंद पडत होते. रॅक शेडच्या पत्र्याखाली ठेवलेला आहे. आज दोन वाजता शेडमधील हवा ४४ अंश आणि मधल्या सेलचे तापमान ४६ अंश होते. या सेलना ४५ अंशांवर भरू नये, म्हणून बॅटरीचे नियंत्रण करणारे सर्किट भरणे तोडते. ते आपले काम बरोबर करत होते, जागा आम्ही चुकीची निवडली होती.

रॅकसमोर वाळ्याची ताटी लावावी असे कोणी सुचवले. ओलाव्याने टर्मिनलवर गंज चढेल म्हणून ते मान्य केले नाही. केंद्राच्या उत्तरेला लागून सचिव काकांच्या भावकीची जुनी माळवदाची खोली आहे, दगड-मातीच्या दोन हात जाड भिंती आणि वर मातीचे धाबे. दुपारी तीनला तेथे थर्मामीटर ठेवला तर ३३ अंश. पूर्वीच्या लोकांनी दिवसाचे ऊन भिंतीत अडवून रात्री सोडायची सोय केली होती, तीही एक साठवणच आहे.

रॅक तेथे हलवला. ५१ व्होल्टला शंभर-सव्वाशे अँपिअर प्रवाह लांब केबलमधून न्यायचा तर घट फार होते, म्हणून इन्व्हर्टरही शेजारच्या ओसरीत नेला. माळवदाची माती गळते, त्यासाठी रॅकवर चारी बाजूंनी मोकळा राहील असा पत्र्याचा छोटा मांडव केला आहे. उंदरांसाठी केबल लोखंडी नळीतून नेली.

२१ मे २०२५

ऐन मे महिन्यात आभाळ भरून येत आहे आणि पाऊस पडतो आहे. पॅनेलांना हे नवे आहे आणि आम्हालाही. ढगाची सावली येताच वीज दहा किलोवॅटवरून दोनवर पडते, कॉम्प्रेसर थांबतो, दोन मिनिटांनी ऊन येते आणि तो पुन्हा सुरू होतो. काल दुपारी तो चौदा वेळा सुटला. असे महिनाभर चालले तर कॉम्प्रेसर निकामी होईल, कारण प्रत्येक सुरुवातीला तेल त्याला सोडून नळीत जाते.

कॉम्प्रेसरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीत दोन बदल केले. वेग उन्हाप्रमाणे कमी-जास्त होईल, परंतु ३० हर्ट्झच्या खाली जाणार नाही. आणि एकदा थांबला की दहा मिनिटे सुरू होणार नाही. तिसरा बदल बॅटरीचा: ढग आल्यावर तीन मिनिटांपर्यंत तिने चार किलोवॅटचा हात द्यायचा. तीन मिनिटांचे चार किलोवॅट म्हणजे ०.२ युनिट. युनिटांच्या हिशेबात ही वीज नगण्य आहे, पण आज कॉम्प्रेसर फक्त तीन वेळा थांबला. बॅटरीचे दोन धंदे असतात, तासांची वीज धरून ठेवणे आणि क्षणांची. पहिला धंदा बर्फ तिच्याहून बरा करतो, दुसरा बर्फाला कधीच जमणार नाही. जानेवारीच्या हिशेबात हा दुसरा धंदा मी धरलाच नव्हता.

१८ जून २०२५

अकराव्या सेलचा आकडा विचित्र येऊ लागला आहे. भरताना तो सर्वांत आधी ३.६५ व्होल्ट गाठतो आणि सगळा रॅक थांबवतो. वापरताना तोच सर्वांत खाली जातो. सेल खराब असता तर विश्रांतीतही फरक दिसला असता, परंतु रात्री प्रवाह बंद असताना सोळाही सेल ३.३३ वर एका ओळीत उभे असतात. म्हणजे दोष सेलमध्ये नाही, जोडात आहे.

शंभर अँपिअरला मीटरची टोके सेल जोडणाऱ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना लावली. इतर जोडांवर पाच मिलिव्होल्ट होते, अकरावर साठ. साठ मिलिव्होल्ट आणि शंभर अँपिअर म्हणजे सहा वॅट उष्णता, एका नटाच्या डोक्यावर. बोट टेकवले तर शेजारचे नट कोमट आणि हा चटका बसेल इतका तापलेला. एप्रिलमध्ये रॅक हलवताना तो ढिला झाला असणार, आणि हलवल्यावर टॉर्क पान्याने सगळे नट पुन्हा तपासायला हवे होते, ते मी केले नव्हते. पट्टी काढून पॉलिश कागदाने घासली, घट्ट केली. आता सहा मिलिव्होल्ट. सर्व नटांवर लाल रंगाची रेघ ओढली आहे, फिरला तर लगेच दिसावा म्हणून.

याच निमित्ताने ऑपरेटरला एक गोष्ट वहीत लिहून दिली. जुन्या शिशाच्या बॅटरीसारखा व्होल्टेजवरून या बॅटरीचा अंदाज घ्यायचा नाही. नव्वद टक्के भरलेली असो की तीस टक्के, हा सेल ३.३ च्या आगेमागेच दाखवतो आणि शेवटी एकदम कोसळतो.

१४ जुलै २०२५

विजेच्या दरांचे गणित साठवणीच्या बाजूने झुकू लागले आहे. वीज ग्राहक हक्कांच्या नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीने दिवसातील आठ सौरतासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान वीस टक्के कमी आणि गर्दीच्या तासांचा दर जास्त ठेवण्याची दिशा घालून दिली. शेतीपंप त्यातून वगळले आहेत. आमच्यासाठी याचा अर्थ असा की पावसाळी दिवशी ऊन कमी पडले, तरी बर्फ दुपारीच जाळ्यावरच्या विजेने करून ठेवणे संध्याकाळी कॉम्प्रेसर चालवण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. टायमर त्याप्रमाणे बदलला.

दुसरे काम याहून स्वस्त निघाले. बोअरचे पाणी २६-२७ अंशांचे असते. प्लेट चिलरच्या आधी एक जुना चिलर जोडून त्यातून हे पाणी फिरवले, तर दूध ३४ वरून २९ वर येते. तीस अंशांच्या प्रवासातले पाच अंश फुकट, म्हणजे बर्फाची सहाव्या हिश्शाची बचत. तापलेले पाणी वाया जात नाही, ते जनावरांच्या हौदात जाते. हे पहिल्या आठवड्यातच सुचायला हवे होते.

२४ सप्टेंबर २०२५

तीन दिवसांचा पाऊस कोणी पाहिला नव्हता असा आहे. भूम-परंडा भागात नद्या-नाले गावात शिरले, जनावरे वाहून गेली, पिके आणि मातीही गेली. आमचे केंद्र पठारावर असल्याने पाणी आत आले नाही, परंतु खालचा पूल पाण्याखाली असून टँकर परवापासून आलेला नाही. वीज दोन दिवस नाही. पॅनेलांनी काल दिवसभरात ११ युनिट दिली. तेवढ्यात बॅटरीचा भार कसाबसा भागला, बर्फ झाला नाही. जनरेटर लावला, डिझेल चाळीस लिटर होते, त्यातले तीस संपले.

टँकर येणार नसेल तर थंड केलेले दूध ठेवणार कुठे, हा प्रश्न साठवणीच्या कोणत्याही तक्त्यात नव्हता. बल्क कूलर दोन हजार लिटरचा आहे आणि तो काल सकाळीच भरला. सचिव काकांनी निर्णय घेतला: कूलरमधले दूध तसेच ठेवायचे आणि नवीन आलेले सगळे खव्याला लावायचे. गावातल्या चार भट्ट्या रात्रभर पेटल्या. सरपण ओले, धुराने डोळे उघडेनात. पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा होतो आणि तो दुधापेक्षा अधिक टिकतो. खवा विकत घेणारेही पुलाच्या पलीकडेच अडकलेले आहेत, ते वेगळे.

रॅक जमिनीपासून दीड फुटावर आहे. माळवद एका कोपऱ्यात टपकू लागले आहे. पत्र्याच्या मांडवाने आज काम केले. पाऊस थांबताच धाब्यावर पांढरी माती टाकायची.

२ नोव्हेंबर २०२५

ऑक्टोबरची नोंद: डिझेल ११ लिटर, त्यातील सात लिटर फक्त दोन ढगाळ संध्याकाळचे. दूध पुन्हा वाढू लागले आहे, आज सकाळी १,०४० लिटर. पॅनेलांची दिवसाची सरासरी ४७ युनिट. त्यातील ब्लोअर आणि पंपांसह सगळा खर्च वजा जाता दुपारी तीननंतर रोज सात-आठ युनिट उरतात आणि त्यांवर बोअर चालवून दहा हजार लिटरची पाण्याची टाकी भरली जाते. बारा मीटर उंचीवर चढलेले ते पाणी विजेच्या मापात अर्धा युनिटसुद्धा भरत नाही. पण सकाळी हौद भरायला आणि कॅन धुवायला पुन्हा मोटर लावावी लागत नाही.

सकाळचे दूध संपल्यावर साडेनऊला टाकी उघडली. नळ्यांवर बर्फाची पातळ साल शिल्लक होती, बोटाच्या पेराएवढीही नाही. जानेवारीत दूध पुन्हा १,१०० ला जाईल तेव्हा हा थर पुरणार नाही, म्हणून सेन्सर ३५ वरून ३८ वर घ्यावा की बोअरच्या पाण्याचा प्रवाह वाढवावा हे ठरवायचे आहे. माझा कल दुसऱ्याकडे आहे. ब्लोअरचा पट्टा किंचाळतो आहे. उद्या दुपारी, कॉम्प्रेसर चालू असतानाच, तो बदलायचा.